पानठेल्यावर ई-स्पोर्ट्सची चर्चा कधी होणार?

त्रिमूर्तीनगर_स्कोअरर (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी मी ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या, एका स्पर्धेत स्कोअरर म्हणून बसलो. गेम बीजीएमआय, मोबाइलवरचा; चार-चारच्या टीम एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटपर्यंत टिकायचं असतं. हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

वीसेक वर्षं क्लब क्रिकेटचे स्कोअर लिहितोय. पेन्सिल, खोडरबर, छत्री आणि थर्मास, एवढ्यावर माझे रविवार गेले. धाकटा यंदा बारावीत गेलाय आणि त्याच्या टीमची लोकल फायनल होती, इथे नागपुरातच, हिंगणा रोडच्या एका मंगल कार्यालयात. तिथला आकडे ठेवणारा पोरगा ऐन वेळी आलाच नाही. चिरंजीव आयोजकांना म्हणाले, "माझे बाबा करतील, फुकटात." झालं.

बाहेर ४४ डिग्री. आत १६ टेबलं, टेबलाला चार, म्हणजे ६४ पोट्टे, आणि भिंतीला लागून चार डेझर्ट कूलर. पहिलं भांडण सकाळी साडेनऊलाच झालं, कूलरजवळचं टेबल कोणाला यावरून. मला वाटलं लेकरांना उकडतंय. तसं नव्हतं. फोन तापला की चित्र अडखळतं, आणि समोरचा दिसायच्या आत आपण आडवे. म्हणून दोन मॅचच्या मधे सगळी पोरं फोन पुढे धरून कूलरच्या जाळीसमोर ओळीने उभी. परीक्षेला जाताना आपण मारुतीसमोर उभे राहायचो, तशीच मुद्रा. अंगठ्यांवर छोट्या काळ्या टोप्या घालतात, त्यांना स्लीव्ह म्हणतात, घामाने बोट घसरू नये म्हणून. एका टीमकडे त्या नव्हत्या. त्यांनी घरून कॅरमची पावडर आणली होती. दुपारपर्यंत त्या टेबलावरच्या चौघांच्या नाकाला, कानाला पावडर.

गुणांची पद्धत दहा मिनिटांत समजली आणि खरं सांगतो, आवडली. शेवटपर्यंत टिकलेल्या टीमला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १. नवव्या नंबरपासून भोपळा. शिवाय समोरचा एक गडी टिपला की एक गुण, त्याला हे लोक फिनिश म्हणतात. सहा मॅचची बेरीज. मी क्रिकेटचाच कागद वापरला, बोलरच्या रकान्यात फिनिश लिहिले. आणि गंमत बघा, जी टीम जिंकली तिने सहापैकी एकही मॅच जिंकली नव्हती. दुसरा, तिसरा, दुसरा, चौथा असं करत गेली. एकही शतक न करता मालिकावीर. आमचे चिरंजीव सातवे.

पण कागदावरून मान वर करून मोठ्या पडद्याकडे पाहिलं की काही म्हणजे काही कळेना. कॅमेरा या घरातून त्या डोंगरावर. चार मिनिटं कोणी गवतात नुसतं लोळतंय, आणि मग तीन सेकंदांत भिंतीआड चौघं खलास. शेजारी एक काकू बसल्या होत्या, डबा घेऊन आलेल्या. त्यांनी हळूच विचारलं, "दादा, आमचा अजून जिवंत आहे का?" मी स्कोअरर, आणि मलाही सांगता येईना.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. हा प्रकार क्रिकेट-कबड्डीसारखा सगळ्यांचा होईल का? गर्दीवर मी जात नाही. २०१८-१९ची आपल्या विदर्भाची रणजी फायनल इथे जामठ्याच्या स्टेडियमवर झाली, सौराष्ट्राविरुद्ध. मी होतो. स्टँड बहुतेक रिकामे. पण संध्याकाळी आमच्या चौकातल्या पानठेल्यावर आलो तर ठेलेवाला सुपारी कातरता कातरता सांगतोय, आपल्या सरवटेने पुजाराला दोन्ही डावांत कसा काढला. त्याने मॅच पाहिलीही नव्हती. माझ्या लेखी ही खरी कसोटी. न पाहिलेल्या माणसाने सुपारी कातरता कातरता बोललं पाहिजे. तर असं या गेमबद्दल कधी होईल?

वर्धारोडकर

कधीच नाही. बसल्या जागी अंगठे चालवणं हा खेळ असेल तर आमचे मेहुणे रिमोटचे ऑलिंपियन आहेत.

बर्डीची_मैना

@वर्धारोडकर काका, बसल्या जागी खेळून आपली दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ला बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, आणि विमानतळावर स्वागताला कोण कोण धावलं होतं आठवतं ना? तेव्हा कोणी विचारलं नाही, घाम आला का म्हणून. रौनक साधवानी तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, तोही बसूनच.

वर्धारोडकर

बुद्धिबळाशी तुलना करू नका ताई. बुद्धिबळाला दीड हजार वर्षांची परंपरा आहे.

बर्डीची_मैना

म्हणजे अडचण बसण्याची नाही, वयाची आहे. मग दीड हजार वर्षं थांबू या.

खापरखेडा_एक्सप्रेस

राजेहो, मुद्दा सोडून कायले भांडून राहिले? मी सांगतो ना बाप्पा साधी गोष्ट. आमच्या उमेशभाऊ यादवचे वडील कोळसा खाणीत. भाऊ टेनिस बॉलवर मोठा झाला, मंग लेदर बॉल हाती आला, मंग भारताकडून खेळला. त्याले खेळाले काय लागलं? एक बॉल अन् बारा पोट्टे. आता माह्या भाच्याले हा गेम खेळाले तीस-पस्तीस हजाराचा फोन पाह्यजे, नाईतर म्हणे "मामा, माझा फोन लॅग मारून राहिला". गरिबाचा खेळ कोणता, सांगा बरं?

तर्री_अधिक

भाऊ, उलटं आहे. लेदर बॉलचं किट, अकॅडमीची फी, रोज जामठ्यापर्यंत पेट्रोल, हे जोडून पाहा एकदा. टेनिस बॉल स्वस्त, क्रिकेट स्वस्त नाही. आणि फोन तर घरात असतोच. २०१६ला जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावात झाला, दोन वर्षांनी पबजी आलं, म्हणजे बीजीएमआयचंच आधीचं रूप. भारतात हा खेळ कॉम्प्युटरवर न रुजता मोबाइलवर रुजला त्याचं कारण हेच. युरोप-कोरियात आधी पीसी, आपल्याकडे थेट खिशात. गोंदियाचा, आर्वीचा पोरगा मुंबईच्या पोराबरोबर गेममधल्या एकाच मैदानात उतरतो, हे क्रिकेटात कधी झालं? विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय, पहिलं जेतेपद २०१७-१८ला. साठ वर्षं गेली.

एक्स_आयजीएल

बरेच दिवस नुसता वाचक होतो. या धाग्यावर लिहावंसं वाटलं कारण मी त्या १६ टेबलांपैकी एकावर बसलेलो आहे. आता मिहानमध्ये नोकरी करतो, वय २५.

आयजीएल म्हणजे टीमचा कप्तान, मॅचमध्ये निर्णय घेणारा. आम्ही चौघं. एक नंदनवनचा, एक कामठीचा, एक भंडाऱ्याचा, मी सदरचा. भंडाऱ्याच्या पोराला आम्ही दीड वर्षात दोनदा प्रत्यक्ष भेटलो. स्क्रिम्स, म्हणजे सरावाच्या मॅच, रात्री अकरा ते अडीच. त्या वेळेला घरातले वायफाय सोडून झोपतात, पिंग चांगला मिळतो, म्हणजे नेट अडखळत नाही. माझं काम काय तर ज्यातून आम्ही उड्या मारतो ते विमान कुठून जाणार, पहिलं वर्तुळ, म्हणजे खेळायची आकसत जाणारी जागा, झोन, कुठे पडलं, त्यावरून पुढचं कुठे सरकेल याचा अंदाज, उरलेल्या १५ टीम कुठे लपल्या असतील याचा नकाशा डोक्यात, आणि तीन जणांना तीन वाक्यांत सांगणं. शांत आवाजात. आवाज चढला की टीम गेली. हे सोपं वाटत असेल त्यांनी घरच्या लग्नात पंगतीला वाढून पाहावं, तेवढीच गडबड असते.

धागाकर्त्या काकांनी गुणांची पद्धत छान पकडली आहे. न जिंकता जिंकणं हाच या खेळातला अवघड भाग. झोनच्या कडेला जागा धरून बसायचं, नको त्या भांडणात उतरायचं नाही. बघणाऱ्याला कंटाळा येतो, खेळणाऱ्याचा जीव टांगणीला असतो. कसोटीतला शेवटचा तास, नऊ विकेट पडलेल्या.

आता दुखणं. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइल बंद झालं. जुलै २०२१ला तेच बीजीएमआय नावाने भारतासाठी आलं. आम्ही परत शून्यापासून. २०२२च्या जून-जुलैत मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्सवर दाखवली. टीव्हीवर! आमच्या बाबांचं दुकान आहे, त्यांनी दुकानातल्या टीव्हीवर लावून गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमचा पोरगा हेच करतो." आयुष्यात पहिल्यांदा. आणि २८ जुलैला संध्याकाळी आम्ही चहाला गेलो असताना कामठीवाल्याचा फोन, "प्ले स्टोअरवर बघ." शोधलं तर गेमच नाही. ज्यांच्या फोनात आधीपासून होती त्यांची काही दिवस चालली, पण स्पर्धा थांबल्या, पैसे लावणारे पळाले. परत यायला मे २०२३ उजाडलं. दहा महिने. तोवर मी नोकरी धरली होती, भंडारावाला वडिलांच्या शेतीत लागला होता. परतलो तेव्हा लॉबीत अठरा वर्षांची पोरं होती आणि माझे अंगठे बाविशीचे.

बंदी बरोबर होती की चूक, तो वाद इथे नको. मला सांगायचंय ते वेगळं आहे. पिच नाही म्हणून मॅच रद्द होते हे ठाऊक होतं. पिचच कोणाच्या तरी मालकीचं आहे आणि तो ते गुंडाळून नेऊ शकतो, हे त्या संध्याकाळी कळलं. रणजी कोणी अनइन्स्टॉल करू शकत नाही.

जाता जाता, एका लोकल आयोजकाने आमचे चाळीस हजारही बुडवले. नाव घेत नाही. बक्षिसाचा मोठा पुठ्ठ्याचा चेक आहे, आमच्या जिन्यावर पडलाय, आई त्यावर पापड वाळत घालते.

तर्री_अधिक

पापड 😂. पण भाऊ, २०२०-२१चा रणजी हंगाम करोनात झालाच नव्हता. ८७ वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे तीही अनइन्स्टॉल होते.

एक्स_आयजीएल

झाला नाही, मान्य. पण त्या वर्षी तुमच्या गच्चीवर पोरं खेळत नव्हती का? कोणाला विचारून? आमची गच्चीच गेली होती.

त्रिमूर्तीनगर_स्कोअरर

@एक्स_आयजीएल, तुमची पोस्ट धाकट्याला वाचायला दिली. वाचून काही बोलला नाही. थोड्या वेळाने विचारलं, "त्यांचं आयडी नाव काय होतं?" म्हणजे पोचली.

सेऊलचा_सावजी

मूळचा इतवारीचा, सध्या नोकरीमुळे कोरियात. इथलं चित्र सांगतो, कारण "होईल का" या प्रश्नाचं एक उत्तर इथे होऊन बसलंय.

१९९८ला स्टारक्राफ्ट हा गेम आला. आशियातल्या आर्थिक संकटाने नोकऱ्या गेलेल्या, गल्लोगल्ली पीसी बांग निघालेल्या, म्हणजे आपल्याकडचे सायबर कॅफे. २०००ला सरकारच्या संमतीने ई-स्पोर्ट्स संघटना झाली, केस्पा. गेमच्या मॅच दाखवणारं स्वतंत्र केबल चॅनेल निघालं. मोठ्या कंपन्यांनी टीम घेतल्या. पोरांना पगार, राहायला जागा, आचारी. आज फेकर नावाचा खेळाडू आहे, ली सांग-ह्योक, लीग ऑफ लेजेंड्स या गेमची सहा जागतिक जेतेपदं, पहिलं २०१३ आणि सहावं २०२५. हांगझोऊ एशियाडमध्ये २०२३ला कोरियाने सुवर्ण जिंकलं तेव्हा त्या टीमच्या पोरांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. फुटबॉलवाल्यांना मिळते तीच. माझ्या ऑफिसात साफसफाईला येणाऱ्या आजींना फेकर माहीत आहे, गेम माहीत नाही. धागाकर्त्यांची पानठेला कसोटी इथे पास.

पण एक्स_आयजीएल म्हणतात ते दुखणं इथेही झालंय. मॅच टीव्हीवर दाखवायचा हक्क कोणाचा, खेळाडू-संघटनेचा की गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डचा, यावरून २०१०च्या सुमारास केस्पा आणि कंपनी यांचा वाद कोर्टापर्यंत गेला. त्याच वर्षी मॅच फिक्सिंगचं प्रकरणही निघालं. आज स्टारक्राफ्ट म्हणजे इथल्या चाळिशीतल्यांचा जुना लाडका, बस. खेळाडू तेच असून खेळ म्हातारा झाला. क्रिकेटात खेळाडू म्हातारे होतात.

बर्डीची_मैना

शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून लावावीत.

वर्धारोडकर

कोरियाचं कोरियात. इथे पोरगा बारावीत आहे, ते बघा. जेईई कोण देणार, फेकर?

चिटणीसपार्क_डुबकी

मी कबड्डीवाला, महालातला. नाव बघून कळलंच असेल, डुबकी हा चढाईतला डाव. मला या धाग्यावर एक गोष्ट खटकली. सगळे म्हणताहेत "क्रिकेट-कबड्डीसारखा", जणू कबड्डी जन्मतःच टीव्हीवर होती.

आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. एशियाडमध्ये पदकाचा खेळ व्हायला १९९० उजाडलं. आणि पानठेल्यावर यायला २०१४, प्रो कबड्डी. तोवर आमच्या मॅचला कोण यायचं? गल्लीतले म्हातारे आणि आमच्या बहिणी. मातीवर खेळायचो, गुडघे सोलायचे, घरी गेल्यावर डेटॉल आणि वर दोन फटके.

प्रो कबड्डीने केलं काय ते नीट पाहा. चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ लावलं, दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरी 'करो या मरो'. म्हणजे बघणाऱ्याला आता काहीतरी होणार हे आधी कळलं पाहिजे. खेळ तोच, फक्त कधी श्वास रोखायचा ते लोकांना सांगितलं. गेमवाल्यांना हेच जमलेलं नाही. त्या काकूंना 'आमचा जिवंत आहे का' हे विचारावं लागणं म्हणजे प्रक्षेपण नापास. खेळाडू नव्हे.

अजून एक. कबड्डीत पोरं का येतात? रेल्वेत लागतात, पोलिसात लागतात. माझा स्वतःचा पगार कबड्डीचा आहे. आई-बाप मैदानावर सोडतात ते त्या आशेवर. तुमच्या गेमवर ज्या दिवशी रेल्वेची भरती निघेल ना, त्या दिवशी वर्धारोडकर काकासुद्धा पोराला स्लीव्ह आणून देतील.

वर्धारोडकर

रेल्वेत असेल तर विचार करू. 🙏

एक्स_आयजीएल

काका पलटले! @चिटणीसपार्क_डुबकी, प्रक्षेपणाचं शंभर टक्के बरोबर. दिव्याच्या फायनलला माझी आई टायब्रेक बघत होती. तिला घोडा अडीच घरं जातो एवढंच माहीत. पण पडद्याच्या कडेला तो काळा-पांढरा पट्टा असतो, कोणाचं पारडं जड ते दाखवणारा. आई तो पट्टा बघत होती आणि समोरच्या हंपीच्या चुकीला माझ्याआधी ओरडली. बुद्धिबळाला तो पट्टा मिळाला. आमच्या ६४ जणांच्या गोंधळाला असा एक पट्टा कोणी काढला तर मी त्याचे पाय धरीन.

आणि २८ जुलै २०२२ला आमचा गेम गेला, २८ जुलै २०२५ला दिव्या जिंकली. तारीख तीच. उगाच लक्षात राहिलं.

तर्री_अधिक

गंमत म्हणजे आता बुद्धिबळच ई-स्पोर्ट्समध्ये गेलंय. २०२५ला रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळ होतं, कार्लसन जिंकला. मग वर्धारोडकर काकांची दीड हजार वर्षं कोणाच्या खात्यात धरायची?

सेऊलचा_सावजी

रियाधवरून आठवलं. त्या वर्ल्ड कपला २०२५ची बक्षिसं ७ कोटी डॉलर. पैसा आहे, प्रश्नच नाही. पण पैशाने मुळं धरत नाहीत. ओव्हरवॉच या गेमच्या लीगने २०१८ला अगदी अमेरिकन बास्केटबॉलसारख्या शहरांच्या टीम काढल्या, एकेका जागेसाठी २ कोटी डॉलर मोजले गेल्याचं छापून आलं होतं, २०२३ला गाशा गुंडाळला. डोटा या गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं बक्षीस २०२१ला ४ कोटी डॉलरच्या वर होतं, २०२३ला ३० लाखांच्या आसपास. खेळणारे तेच, बघणारेही. कंपनीने चाहत्यांच्या खरेदीतला वाटा बक्षिसात घालायची पद्धत बदलली, बस. आणि ऑलिंपिक समितीने २०२४ला सौदीबरोबर बारा वर्षांचा ई-स्पोर्ट्स ऑलिंपिकचा करार केला, तो २०२५च्या ऑक्टोबरातच मोडला. साखरपुडाही नीट झाला नाही.

धरमपेठ_मास्तरीण

शाळेत शिकवते, नववी-दहावी. इथे अजून एकाही मुलीचा उल्लेख आला नाही, दिव्या सोडून. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिचा गेममधला रँक वर्गातल्या सगळ्या मुलांच्या वर. वर्गात कोणाला माहीत नाही. आयडीचं नाव मुलाचं, माइक कायम बंद. मी विचारलं, टीमशी बोलतेस कशी? म्हणाली, "टीचर, पिंग टाकते." नकाशावर खुणा करते, बोलत नाही. का, तर आवाज ऐकला की खेळ राहतो बाजूला आणि शिव्या किंवा मैत्रीची विनंती, दोन्हींपैकी एक सुरू. अर्ध्या लोकांना तोंड बंद ठेवून खेळावं लागतं तो खेळ सगळ्यांचा कसा होणार, ते मला आधी सांगा.

डोळे, मान, झोप यावर बोलत नाही. ते बोलून बोलून आमचे घसे बसलेत. बीजीएमआय परत आलं तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. मुलं आजोबांच्या नंबरावर खातं काढतात. आजोबांचा रँक क्राउन, बराच वरचा.

खापरखेडा_एक्सप्रेस

मास्तरीणबाईचं बराबर हाय. माह्या भाचीले विचारतो आज.

सदर_कोर्टरोड

वकील आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बऱ्याच घरांत ई-स्पोर्ट्स आणि ऑनलाइन जुगार एकच समजतात. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा खात्याकडे दिला आणि बाकी ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स-आयटी मंत्रालयाकडे. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. भारतीय संघाच्या जर्सीवरचं ड्रीम११ त्याच दणक्यात उतरलं. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सची वेगळी व्याख्या आहे. प्रवेश फी घेता येते, पण ती स्पर्धेत उतरण्यापुरती किंवा व्यवस्थेच्या खर्चापुरती, बक्षीस कामगिरीवर, आणि निकालावर पैज बिलकुल नाही.

त्यामुळे @एक्स_आयजीएल, पुढच्या वेळी कोणी "शंभर टाका, जिंकलात तर हजार" म्हणाला तर ती स्पर्धा नव्हे. आणि त्या चाळीस हजारांचे काही कागद, चॅट असतील तर भेटा. पापड काढून घेऊन या.

तर्री_अधिक

२०१८ला जकार्ता एशियाडला ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं, भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या गेममध्ये कांस्य आणलं. पदकतालिकेत धरलं नाही. २०२५ला खेलो इंडिया युथ गेम्समध्ये बिहारला परत प्रात्यक्षिक. चिटणीसपार्कवाल्या भाऊंच्या हिशोबाने कबड्डीला प्रात्यक्षिक ते पदक ५४ वर्षं लागली. हे त्या मानाने घाईत आहेत.

चिटणीसपार्क_डुबकी

पदक मिळेल हो. पदक सोपं. मी विचारतोय, गल्लीतले म्हातारे येतील का?

त्रिमूर्तीनगर_स्कोअरर

सगळ्यांचं वाचलं. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या त्या सांगतो.

एक, चिटणीसपार्क आणि एक्स_आयजीएल यांचं पट्ट्याचं बोलणं डोक्यात बसलं. परवा रात्री धाकट्याला घेऊन एक तक्ता केला. मोठ्या पुठ्ठ्यावर १६ ओळी, टीमचं नाव, पुढे चार खिळे, प्रत्येक खिळ्यावर बाटलीचं एक बूच. गडी गेला की बूच काढायचं, फिनिश झाला की ओळीच्या टोकाच्या वेगळ्या खिळ्यावर लाल बूच लावायचं. घरीच एक जुनी मॅच लावून करून पाहिलं. माझी आई, वय ७९, सोफ्यावर वाती वळत होती. दहाव्या मिनिटाला म्हणाली, "अरे त्या खालून तिसऱ्याचं एकच बूच राहिलं, त्याला म्हणावं लप कुठेतरी." तो लपला. पाचवा आला. आई वाती ठेवून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. पडद्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट, पानठेल्यावर तक्त्याचं सांगितलं. ठेलेवाला म्हणाला, "भाऊ, यात सट्टा लागते का?" वकीलसाहेबांची पोस्ट वाचून दाखवली. त्याचा उत्साह थोडा कमी झाला.

बाकी होईल की नाही, मला ठाऊक नाही. मास्तरीणबाईंच्या प्रश्नाला तर माझ्याकडे उत्तरच नाही. आयोजकांना एवढंच म्हटलं, की मुलींची एक तरी टीम आणा आणि शिवी देणाऱ्याचे पाच गुण मी माझ्या पेन्सिलने कापणार. ते कबूल झालेत. बाई, तुमच्या विद्यार्थिनीला निरोप द्या, माइक चालू ठेवायची सक्ती नाही.

पुढची स्पर्धा येत्या रविवारी, त्याच कार्यालयात, सकाळी नऊला. एक्स_आयजीएल, कॉमेंट्रीला याल का? शांत आवाजाचा माणूस हवाय. बाकीच्यांना विनंती, दोन कूलर आणि तीन-चार एक्स्टेन्शन बोर्ड कमी पडताहेत. कोणाकडे असतील तर इथेच लिहा, मी शनिवारी ॲक्टिव्हावर येऊन बोर्ड नेतो. कूलरसाठी छोटा हत्ती सांगितला आहे.

वर्धारोडकर

एक कूलर आहे. मोटर आवाज करते, पण हवा चांगली. पाणी तुम्ही भरा.